केसातले महिने

त्या साली पावसाळा सरला आणि खाडीच्या बोय माशांना घासलेटासारखा वास यायला लागला. रोज यायचा नाही, सगळ्यांना यायचा नाही. पण पनवेलच्या मासळी बाजारात सोनाबाईच्या पाटीपुढे गिऱ्हाईक थांबायचं, मासा उचलून नाकाशी न्यायचं आणि काही न बोलता परत ठेवून द्यायचं. भाव पाडून मागितला असता तर सोनाबाई भांडली असती. हुंगून ठेवलेल्या माशापुढे तिला काही बोलता येत नसे.

तिचा नवरा धर्मराज म्हणायचा, वास बाजारातल्या गटाराचा असेल. खाडीवर त्याचा जन्म गेला होता. कर्नाळ्याचा सुळका कुठल्या तिवरांच्या डोक्यावर आला की पाग, म्हणजे हातजाळं, कुठे टाकायचा, हे त्याच्या अंगात मुरलेलं होतं. वरच्या अंगाच्या कारखान्यांतून पाण्यात काहीबाही उतरतं, हे त्याला दिसत होतं. होडीच्या बुडाला काळा चिकट थर धरायचा, पाग धुताना बोटांची सालं निघायची. पण ते तो घरात बोलत नसे. बोललं की खरं होईल, अशी त्याची समजूत असावी.

त्याच दिवसांत सोनाबाईला एक नवीन गिऱ्हाईक लागलं. तिशीतली बाई, डोळ्याला चष्मा, सुती साडी, हातात थर्माकोलचा डबा. ती भाव करायची नाही आणि मासा हुंगायचीही नाही. कुठल्या पाण्यातला, भरतीचा की सुकतीचा, एवढं विचारायची, मासा पिशवीत घालून बर्फात ठेवायची आणि जायची. कधी बोय, कधी निवटे, कधी नुसत्या चिंबोऱ्या. एकट्या बाईला इतकी मासळी लागते कशाला, हे सोनाबाईच्या डोक्यातून जाईना. शेवटी तिने विचारलंच, बाय, तू हे खातंस का विकतंस.

"खात नाही, मावशी. वाळवते आणि ॲसिडमध्ये विरघळवते."

आपल्या ऐकण्यातच चूक झाली, असं सोनाबाईला वाटलं. बाजार पांगल्यावर तिने बाईला पाटीशेजारी बसवून घेतलं आणि सगळं पुन्हा विचारलं. बाईचं नाव पद्मजा. मुंबईच्या एका कॉलेजात शिकवायची, सुट्टीच्या दिवसांत पनवेलला मामाकडे उतरायची, आणि खाडीत पारा किती उतरलाय ते शोधत होती. पारा सोनाबाईला माहीत होता. ताप बघायच्या नळीत असतो, धान्याला कीड लागू नये म्हणून गोळ्या ठेवतात त्यांत असतो. म्हणजे हा वास त्याचाच, असं ती म्हणाली. पद्मजा म्हणाली, वास दुसऱ्या कशाचा तरी आहे. मी शोधतेय त्याला वास नाही आणि चवही नाही. मासा ताजा असतो, गोड लागतो, तरी त्यात असतो. दुसरे मासे खाऊन मोठा झालेला, म्हातारा मासा असेल तर त्यात जास्त.

सोनाबाईने पाटीतल्या बोयांवर पाणी शिंपडलं. मग म्हणाली, "आनि मानसाच्या अंगात किती गेला ते कसं बगतंस? चिरून?"

पद्मजा हसली. खरं अवघड काम तेच आहे, म्हणाली. माशात किती आहे एवढ्यावर भागत नाही. कोण काय खातो आणि किती खातो, ते कळायला हवं. त्याला दोन वाटा होत्या. एक जेवणाची. माणूस जेवढं जेवेल तेवढंच, तसंच, दुसऱ्या डबीत काढून ठेवायचं, अगदी चहापाण्यासकट, आणि ती डबी मशीनवर तपासायची. दुसरी वाट केसाची.

केस काय सांगणार, असं सोनाबाईने विचारलं. पद्मजा म्हणाली, केस मुळाशी वाढत असतो तेव्हा रक्तात जे असतं ते त्यात अडकून बसतं. मग ते कुठे जात नाही. केस वाढत जातो तसं ते पुढे सरकत जातं.

त्या दिवशी सोनाबाई रिकामी पाटी डोक्यावर घेऊन वाडीत आली ती हेच घोळवत. आपल्या पाठीवर वेणी रुळतेय, आणि तिच्यात आपण कधी काय खाल्लं ते सगळं बसलेलं आहे, हे तिला मोठं नवल वाटत होतं. सुनेला, मैनेला, तिने तांदूळ निवडता निवडता सगळं सांगितलं. मैना गेल्या वैशाखात उरणहून लग्न होऊन आली होती. तिचा बाप दर्यावर मोठ्या होडीने जाणारा. सोनाबाईचा मुलगा जगन उरणलाच बंदराच्या बार्जवर कामाला होता आणि रविवारचा घरी यायचा. मैना कमी बोलणारी. तिने एवढंच विचारलं, की केस कापताना दुखतं का.

धर्मराज नाही म्हणेल असं दोघींना वाटलं होतं. तो पाग विणत बसला होता. त्याने सुई थांबवली, विचार केला आणि म्हणाला, करू दे. मशीनवर आपलं जेवण साफ निघालं म्हणजे बाजाराची तोंडं बंद होतील. मग थोड्या वेळाने, वर न बघता, म्हणाला की जगनला सांगा येताना उरणच्या बंदरावरून चांगली मासळी आण. सोनाबाईला त्याचं म्हणणं कळलं. त्यात तिला वावगंही वाटलं नाही. आपल्या घरचं ताट मुंबईला जाणार, तर त्यात चिखलातले निवटे आणि खुबे कशाला घालायचे.

मार्गशीर्षातले गुरुवार वाडी मासळी खात नाही, म्हणून ते दिवस टाळून पद्मजा आली. तिच्या पिशवीत पांढऱ्या झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्या होत्या, आतून ॲसिडने धुतलेल्या. आत बोट घालायचं नाही असं तिने बजावलं. डब्या मैनेच्या जेवणाच्या ठरल्या, कारण वाडीतल्या तरुण बायका काय खातात ते तिला हवं होतं. त्या दिवसांत सोनाबाईच्या चुलीवर पापलेट शिजलं, हलवा तळला गेला, जगनने आणलेल्या मोठ्या कोळंबीचं कालवण झालं. जेवढं मैनेच्या ताटात तेवढंच डबीत. मैना मान खाली घालून जेवायची. शेजारची सुमती वासाने डोकावून गेली आणि घरात कुणाचं काय ठरलंय का, असं विचारून गेली.

केस घ्यायच्या दिवशी पद्मजाने आधी सोनाबाईला पाटावर बसवलं. मानेजवळचे केस वर करून पाहिले आणि हळूच विचारलं, की मावशी, केसांना काही लावता का. सुनेदेखत सोनाबाईला सांगावं लागलं की काळी मेंदी लावते. बाजारात बसायचं असतं, पांढरं डोकं बरं दिसत नाही. रंगवलेला केस चालत नाही, असं पद्मजा म्हणाली. मैनेने पदर तोंडाशी धरला. सोनाबाई पाटावरून उठली आणि चूल विझत नव्हती तरी फुंकायला गेली.

मग मैना बसली. तिची वेणी कमरेच्या खाली जात होती. पद्मजाने मानेच्या वर, जिथे दिसणार नाही अशा जागी, केसांची एक बारीक बट वेगळी केली, मुळाशी पांढरा दोरा घट्ट बांधला आणि टाळूला लागून कापली. कात्रीचा आवाज झाला तशी सोनाबाई जवळ आली. सवाष्ण बाईचा केस परक्याच्या हातात गेला तर त्याचं पुढे काय होईल, कोण सांगणार. तिने ते बोलून दाखवलं. पद्मजाने तिचं हसं केलं नाही. ती म्हणाली, "यातला एक केससुद्धा उरणार नाही, मावशी. सगळा विरघळतो. पाण्यासारखा होतो."

मग ठीक, असं सोनाबाई म्हणाली. उरणार नसेल तर त्याचं कुणी काही करू शकत नव्हतं. पण दोरा मुळाशीच का बांधला, हे तिने विचारून घेतलं. कुठलं टोक टाळूकडचं आणि कुठलं शेवटाचं ते विसरलं, तर सगळंच फुकट जातं, असं उत्तर मिळालं.

पद्मजा गेली. पौष लागता लागता मैनेला दिवस गेल्याचं नक्की झालं. सोनाबाईने सुनेच्या जेवणाकडे लक्ष द्यायला घेतलं. खाडीतल्या खोल डोहात धर्मराजला मोठा शिंगाळा मिळायचा. म्हाताऱ्या शिंगाळ्याला गिऱ्हाईक नसायचं, पण त्याच्या डोक्याचं कालवण म्हणजे अंगात बळ, असं सोनाबाईच्या सासूने तिला शिकवलं होतं. ते डोकं ती मैनेच्या ताटात वाढायची. लग्न होऊन आल्यापासूनच वाढत होती. आता जास्त प्रेमाने वाढू लागली.

होळीच्या सुमाराला पद्मजा परत आली. हातात कागद होता, पण तो तिने उघडला नाही. ओटीवर बसली, पाणी प्यायली, आणि मला काही उमगत नाहीये म्हणून आले, असं म्हणाली. धर्मराज कोपऱ्यात पाग शिवत होता. तिने त्याच्याकडून नायलॉनच्या दोऱ्याचा एक तुकडा मागून घेतला आणि जमिनीवर सरळ अंथरला.

हा मैनेचा केस समजा, असं म्हणून तिने एका टोकाला गाठ मारली. हे टाळूकडचं टोक. केस महिन्याला साधारण अर्ध्या पेराएवढा वाढतो. तिने केसाचे तसे तुकडे केले होते आणि एकेक वेगळा तपासला होता. दोऱ्याच्या लांबच्या टोकावर तिने बोट ठेवलं आणि सावकाश मागे आणायला लागली. इथे जवळजवळ काही नाही. इथेही नाही. इथेही नाही. मग तिचं बोट थांबलं.

"इथून चढायला लागतो. आणि मुळापर्यंत चढतच जातो."

सोनाबाई पुढे वाकली. गाठीपासून बोट थांबलं होतं तिथपर्यंत ती मनात महिने मोजत गेली, मार्गशीर्ष, कार्तिक, आश्विन, अशी मागे मागे. मोजणं वैशाखापाशी संपलं. तिने मैनेकडे पाहिलं. मैनाही दोऱ्याकडेच बघत होती. तिने आधीच मोजलं असावं.

पद्मजाचं कोडं पुढे होतं. केस म्हणतो की पोरगी या घरात आल्यापासून तिच्या अंगात पारा जातोय. पण जेवणाच्या डब्या जवळपास साफ निघाल्या होत्या. तिने मशीन पुन्हा लावून पाहिलं होतं, डब्या बदलल्या की काय तेही पाहिलं होतं. मग तिने चाचरत विचारलं, की मैना घराबाहेर कुठे काही खाते का, माती किंवा खडू खाते का, अंगाला कसलं मलम लावते का.

मैनेची मान खाली गेली. चूक तिची असल्यासारखी ती बसली होती. सोनाबाईने धर्मराजकडे बघितलं. त्याची सुई थांबली होती आणि डोळ्यांनी तो नको म्हणत होता. बोललं तर उद्या बाजारात बसायला जागा राहणार नाही, हे सोनाबाईलाही कळत होतं. पण जमिनीवर तो दोरा पडला होता आणि पोरगी पोटुशी होती.

"डबीत घातलं ते पावन्यांचं जेवान व्हतं," ती म्हणाली. "जगनने उरनवरनं आनलेलं. आमी रोज खातो ते याच खाडीचं. बाजारात जे उरतं ते. आनि शिंगाल्याचं डोकं हिच्या ताटात मीच वाडते."

धर्मराज उठला, पाग तसाच खांद्यावर टाकला आणि खाडीकडे चालू लागला. पद्मजाने चष्मा काढून पदराने पुसला. ती रागावली नव्हती. तिची चूक तिला कळली होती: डबी दिली की माणसं चांगलं शिजवणार, हे आपल्या आधी लक्षात यायला हवं होतं, असं ती म्हणाली. मग तिने विचारलं, की पुन्हा डब्या ठेवल्या तर चालतील का.

या खेपेला दोनच दिवसांचं, रोजचंच जेवण घ्यायचं, मग खाडीचं बंद, असं पद्मजाने सांगितलं, आणि डबी सोनाबाईने भरायची ठरली. त्यासाठी मैना जेवत असताना तिला शेजारी बसावं लागलं. एरवी पुरुषांची जेवणं, मग भांडी, मग बाजाराची तयारी, यांत सून कधी आणि कशी जेवते हे तिने पाहिलेलंच नव्हतं. मैना शिंगाळ्याचं डोकं हाताने फोडायची, गालाचं मऊ मांस काढून घ्यायची, हाड चोखायची आणि रस्सा भातावर ओतायची. काही सोडायची नाही. सोनाबाई तेवढंच मांस, तेवढाच रस्सा मोजूनमापून डबीत घालत गेली. मध्येच तिने विचारलं, तुला हे आवडतं का गो.

मैना म्हणाली, "नाय आवडत, आय. तुमी मायेने वाडता म्हनून खाते."

सोनाबाईने पळी खाली ठेवली. मग तिने मैनेच्या पुढचं ताट ओढून घेतलं आणि तिला भाकरी आणि लसणीची चटणी दिली. डबीतलं मात्र तसंच राहू दिलं, कारण ते पद्मजाला हवं होतं.

त्या डब्यांचं उत्तर आलं ते केसाशी जुळलं, पण त्याच्या आधीच सोनाबाईने ठरवलं होतं: मैनेला माहेरी पाठवायची. पहिलं बाळंतपण माहेरीच होतं, पण सातव्या महिन्यात नेतात. चौथा-पाचवा चालू असताना सून निघाली म्हटल्यावर वाडीत बोलणं सुरू झालं. सुमतीने नळावर विचारलं, की काय केलं तिने. सोनाबाईने हंडा भरून घेतला आणि घराची वाट धरली. खरं सांगावं तर वाडीचा मासा बदनाम, न सांगावं तर पोरीचं नाव खराब, अशा पेचात ती बरेच दिवस होती.

धर्मराज त्या दिवसापासून घरात कुणाशी धड बोलत नव्हता. निघायच्या सकाळी मात्र तो धुतलेला सदरा घालून ओटीवर उभा होता. मैनेची पिशवी त्याने उचलली आणि एसटी स्टँडवर पोचवायला म्हणून गेला तो गाडीत बसून उरणलाच गेला. तिथे काय झालं ते मैनेने पुढे सांगितलं. व्याह्याच्या ओटीवर तो चहाला हात न लावता बसला. बाप विचारू लागला, पोरीचं काय चुकलं.

"पोरीचं काय नाय," धर्मराज म्हणाला. "आमच्या खाडीचं तिला खाऊ घातलं, ते चुकलं. बालंत होईस्तोवर तिला तुमच्या दर्याचं द्या."

व्याही जुना दर्यावर्दी. त्याने आणखी काही विचारलं नाही. दुसऱ्याच्या ओटीवर बसून आपल्या पाण्याला नाव ठेवायचं म्हणजे काय, ते त्याला कळत होतं. त्याने धर्मराजला जेवू घालून पाठवलं.

श्रावणात मैनेला मुलगा झाला. रडला, दूध प्यायला, डोळे दिव्याकडे वळवायला लागला. सोनाबाई भेटायला गेली तेव्हा तिने त्याच्या बोटांत आपलं बोट घातलं, आधी त्याच्या एका हातात, मग दुसऱ्या, आणि त्याने दोन्हीकडे घट्ट धरलं. मैना बाळाला घेऊन वाडीत परतली आणि माघात जावळ काढायचं ठरलं. बाळ डोक्यावर काळंभोर जावळ घेऊनच जन्मलं होतं. ते जावळ पोटात असतानाच वाढलेलं, हे सोनाबाईच्या ध्यानात आलं तसा तिला चैनच पडेना. तिने पद्मजाला निरोप धाडला.

जावळ खाडीला वाहायची वाडीची रीत. बुधाजी न्हावी आला, बाळाच्या मामाने त्याला मांडीवर घेतलं. सोनाबाईने न्हाव्याला थांबवलं आणि आधी पद्मजाला पुढे बोलावलं. चार बायका कुजबुजल्या. धर्मराज म्हणाला, घेऊ दे. पद्मजाने मागच्या बाजूची चिमूटभर बट दोरा बांधून कापून घेतली. बाकीचं जावळ आणि नारळ धर्मराजने होडीतून भरतीच्या पाण्यात सोडला.

उत्तर घेऊन पद्मजा आली तेव्हा चैत्र होता. यावेळी तिला कोडं नव्हतं. बाळाच्या केसाच्या टोकाला, म्हणजे पोटातल्या शेवटच्या महिन्यांत, पारा होता. पण मैनेच्या केसात वाढत चालला होता त्याच्या पाव हिश्शाएवढाही नव्हता. माहेरी गेल्यावर तो आईच्या रक्तातून उतरत गेला होता.

सोनाबाईने नीट ऐकून घेतलं. मग तिने विचारलं, "जेवडा गेला तेवडा त्याला काय करील?"

"किती गेला ते मला मोजता येतं, मावशी," पद्मजा म्हणाली. "काय करील ते नाही सांगता येत. कदाचित काहीच नाही. तो मोठा होईल तसं बघत राहायचं."

सोनाबाईला ते उत्तर पुरं वाटलं नाही, पण खोटंही वाटलं नाही. मैनेने बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि पद्मजासाठी चहा टाकायला आत गेली. खोल डोहावर पाग टाकणं धर्मराजने सोडलं होतं. खाडीच्या तोंडापर्यंत वल्हवत जायचा. मासळी कमी मिळायची आणि रात्री खांदे शेकावे लागायचे. तरी आतल्या पाण्यातलं थोडंफार पाटीत असायचंच. सगळं सोडून पोट भरणार नव्हतं.

त्याच आठवड्यात बाजारात एक बाई आली. नव्या कॉलनीतली, नोकरीवरून परतताना थांबलेली. सोबत तिची मुलगी होती, पोट नुकतंच दिसायला लागलेली. बाईने पाटीतला जिताडा पसंत केला. चांगला मोठा होता. रुचिराला डोहाळे लागलेत, काल स्वप्नात जिताडा आला म्हणते, असं हसत हसत ती म्हणाली आणि पिशवी पुढे केली. सोनाबाईने जिताडा उचलला आणि तराजूत न टाकता हातातच धरून ठेवला.

"हा खाडीच्या आतला हाय," ती म्हणाली. "तुमी खा. तुमच्या लेकीला नको."

बाईला कळेना. शेजारच्या पाटीवरच्या बायकांचं बोलणं थांबलं. एकीने सोनाबाईच्या नावाने काहीतरी पुटपुटलं. मग ती बाई म्हणाली, मग हिला कुठला घेऊ. सोनाबाईने जिताडा पाटीत ठेवला आणि पलीकडच्या ओळीत उरणची मासळी घेऊन बसलेल्या बाईकडे बोट केलं.

माय-लेकी तिकडे गेल्या. सोनाबाईने हात धुतले, पदर खोचला आणि पुढच्या गिऱ्हाइकाला, त्याने विचारायच्या आधीच, कुठला मासा कुठल्या पाण्यातला ते सांगायला सुरुवात केली. त्या दिवशी तिची पाटी उशिरा रिकामी झाली. जिताडा एका म्हाताऱ्या जोडप्याने नेला.